बॉयलर बांधणारा कारागीर

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातल्या साखर कारखान्यांत एक समारंभ होतो. त्याला म्हणतात बॉयलर अग्निप्रदीपन. बॉयलरची पूजा होते, नारळ फुटतो, भट्टीत पहिली आग टाकतात. मग धुराड्यातून धूर निघू लागतो आणि बारामती-इंदापूरचा शेतकरी म्हणतो, "चला, हंगाम आला."

पूजा गव्हाणीची होते, मोळीची होते, बॉयलरचीही होते. पण मंडळी, हा बॉयलर बांधला कोणी? त्याचे पत्रे कोणी वाकवले? त्याच्या शेकडो नळ्या कोणी बसवल्या? त्या माणसाचे नाव समारंभाच्या पत्रिकेत नसते. अशा कारागिराला इंग्रजीत बॉयलरमेकर म्हणतात. आपण त्याला बॉयलर बांधणारा म्हणू. त्याचा धंदा कसा असतो, त्यात काय शिकावे लागते, धोका किती आणि आपल्या पोराबाळांना तो कितपत जमेल, हे या पाठात पाहू.

वाफेची ताकद

आधी बॉयलर म्हणजे काय ते समजून घेऊ. घरात कुकर असतो. झाकण घट्ट लावले की आतली वाफ कोंडते. कोंडलेली वाफ जोर करते. जोर फार झाला की शिटी उचलली जाते आणि जादा वाफ बाहेर पडते. बॉयलर म्हणजे असाच एक प्रचंड कुकर. फरक इतकाच की कुकरात डाळ शिजवायची असते, आणि बॉयलरमध्ये वाफच तयार करून ती नळाने दुसरीकडे न्यायची असते.

पाण्याची वाफ झाली की ती किती जागा मागते? उघड्यावर १ लिटर पाण्याची जवळजवळ १६०० लिटर वाफ होते. म्हणजे एका तांब्यातल्या पाण्याला आठ मोठी पिंपे लागतील. इतकी वाफ जर पोलादाच्या भांड्यात कोंडली, तर ती भिंतींना किती जोराने रेटत असेल!

हा रेटा मोजायची रीत आहे. एक सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद अशा चौकोनावर किती किलोचा भार पडतो, ते सांगतात. घरच्या कुकरात हा दाब साधारण १ किलो असतो. साखर कारखान्याच्या जुन्या बॉयलरात १० ते २१ किलो असे. आता कारखाने साखरेबरोबर वीजही बनवतात. त्यासाठी ४५ किलो, ६७ किलो, ८७ किलो, कोठे कोठे ११० किलोपर्यंत दाब ठेवतात.

हिशेब करून बघा. एखाद्या पुस्तकाचे पान २० सेंटिमीटर लांब आणि १४ सेंटिमीटर रुंद धरू. २० गुणिले १४ म्हणजे २८० चौकोन. दाब ४५ किलो असेल, तर २८० गुणिले ४५ म्हणजे १२,६०० किलो. साडेबारा टन! दोन टन ऊस भरलेल्या सहा बैलगाड्या पानाएवढ्या जागेवर उभ्या केल्या तर जो भार होईल, तो. आणि बॉयलरच्या पोटात अशी हजारो पाने मावतील एवढी जागा असते. म्हणून त्याचा एकही सांधा कच्चा राहून चालत नाही.

बॉयलरच्या पोटात काय असते

साखर कारखान्याचा बॉयलर चार-पाच मजली घराएवढा उंच असतो. खाली भट्टी. भट्टीत लाकूड-कोळसा फारसा लागत नाही. उसाचा रस काढल्यावर जो चोथा उरतो, तोच जळण. त्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. १ टन ऊस गाळला की सुमारे २८० किलो बगॅस निघते. १ टन बगॅस जाळली की दोन-सव्वादोन टन वाफ तयार होते. रोज २५०० टन ऊस गाळणारा कारखाना धरला, तर दिवसाला ७०० टन बगॅस आणि सुमारे १५०० टन वाफ होऊ शकते. ही वाफ टर्बाइन फिरवते, वीज तयार करते, आणि तीच पुढे रस आटवते.

भट्टीच्या भोवती आणि वर नळ्याच नळ्या असतात. त्यांच्यातून पाणी फिरते, बाहेरून जाळ लागतो. नळ्यांची वरची टोके एका आडव्या गोल पिंपात शिरतात. त्याला ड्रम म्हणतात. ड्रममध्ये खाली पाणी आणि वर वाफ. पुष्कळ बॉयलरांना खालच्या बाजूला दुसरा ड्रम असतो, त्यात गाळ बसतो.

बॉयलरला राखणदारही असतात. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे कुकरची शिटी. दाब ठरलेल्या आकड्यापुढे गेला की तो आपोआप उघडतो. दाबाचे घड्याळ काटा फिरवून दाब दाखवते. पाण्याच्या काचेत आत किती पाणी आहे ते दिसते. ही काच म्हणजे बॉयलरचा जीव. काचेत पाणी दिसेनासे झाले, तर भट्टीची आग थांबवायची. घाईने गार पाणी सोडायचे नाही. लालभडक झालेल्या नळीवर गार पाणी पडले की एकदम वाफ उसळते, नळी तडकते आणि अनर्थ होतो.

अजून एक शत्रू आहे. आपल्या भागातल्या विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी खारे. ते रोज तापवले की भांड्याच्या बुडाशी पांढरे कीट धरते, हे आपल्या घरच्या बायकांना पक्के ठाऊक असते. तेच कीट बॉयलरच्या नळीत धरले, तर पाण्याचा थंडावा नळीच्या धातूला पोचत नाही. नळी तापते, मऊ होते, फुगते आणि शेवटी फाटते. म्हणून बॉयलरला शुद्ध केलेले पाणीच द्यावे लागते.

बॉयलर कसा बांधतात

हे काम एका माणसाचे नाही. पत्रा आखणारा, कापणारा, वाकवणारा, जोडणारा, ओझे चढवणारा, असे निरनिराळे हात लागतात. पण चांगल्या बॉयलर बांधणाऱ्याला यातले सगळे थोडेबहुत यावे लागते. कामाच्या पायऱ्या अशा:

पहिली पायरी, नकाशा वाचणे. कागदावर आडवे-उभे चित्र असते, आकडे असतात. त्यावरून पत्र्यावर खडूने व टोच्याने आखणी करतात. गोल पिंप करायचे तर सपाट पत्रा किती लांब लागेल? पिंपाची रुंदी गुणिले ३.१४. शाळेत आपल्याला वर्तुळाचे गणित शिकवतात ते हेच. इथे चूक झाली तर लाखमोलाचा पत्रा भंगारात जातो.

दुसरी पायरी, पत्र्याची ओळख जपणे. बॉयलरच्या पत्र्यावर गिरणीतून आलेला नंबर ठोकलेला असतो. हे पोलाद कोणत्या घाणीचे, कधी तपासले, हे त्या नंबरावरून कळते. पत्रा कापण्याआधी तो नंबर प्रत्येक तुकड्यावर पुन्हा ठोकावा लागतो. नंबर हरवला तर तो तुकडा कितीही चांगला दिसो, बॉयलरला चालत नाही.

तिसरी पायरी, कापणे आणि वाकवणे. गॅसच्या ज्योतीने पत्रा कापतात. मग तो रोलिंग मशीनच्या जाड रुळांतून पुढे-मागे फिरवतात. रसवंतीच्या चरकातून ऊस जातो ना, तसा. दर फेरीला थोडा थोडा वाकत पत्रा गोल होतो. जास्त दाबाच्या ड्रमचा पत्रा दोन दोन बोटे जाड असतो. तो वाकवताना घाई केली तर गोलाई बिघडते.

चौथी पायरी, सांधणे. दोन कडा घासून उताराच्या करतात, म्हणजे मध्ये खाच होते. ती खाच वेल्डर थरावर थर देत भरतो. जाड पत्रा आधी तापवून घेतात. वेल्डिंगचे रॉड भट्टीत वाळवून गरम ठेवतात. ओलसर रॉडने केलेला सांधा वरून गुळगुळीत दिसतो, पण आतून चिरतो. प्रत्येक थरानंतर वरची खपली ठोकून साफ करायची. खपली आत राहिली तर तेथे सांधा पोकळ.

पाचवी पायरी, तपासणी. छातीचा एक्स-रे काढतात तसा सांध्याचा एक्स-रे काढतात. आतले बुडबुडे, राहिलेली खपली फिल्मवर दिसते. दोष सापडला की तेवढा भाग खोदून पुन्हा भरावा लागतो. मग जाड ड्रम मोठ्या भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून सावकाश निववतात. वेल्डिंगने धातूत धरलेला ताण त्यामुळे निघून जातो.

सहावी पायरी, नळ्या बसवणे. ड्रमला भोके पाडून त्यात नळ्यांची टोके घालतात. एक हत्यार नळीत घालून फिरवले की त्याचे छोटे रूळ नळीचे तोंड आतून फुगवतात आणि नळी भोकात गच्च बसते. कमी फुगवली तर गळते. जास्त फुगवली तर पातळ होऊन कमजोर होते. किती फुगवायची याचे माप असते, पण मुरलेल्या कारागिराच्या हातालाही ते कळते. हे काम ड्रमच्या आत बसून, वाकून, तासन् तास करावे लागते. शेकडो नळ्या, आणि प्रत्येकीला दोन टोके!

सातवी पायरी, पाण्याची चाचणी. सगळे झाले की बॉयलरात पाणी गच्च भरतात आणि पंपाने दाब चढवतात. रोजच्या कामाला जितका दाब लागणार त्याच्या साधारण दीडपट. मग प्रत्येक सांधा हात फिरवून, बत्ती लावून बघतात. कोठे घाम फुटलेला नाही ना?

कोणी विचारील, वाफ बनवायची तर चाचणी पाण्याने का? हवा भरली तर नाही चालणार? त्याचे उत्तर सायकलच्या ट्यूबमध्ये आहे. हवा भरलेली ट्यूब फुटली की फटकन आवाज होतो, कारण हवा दाबून बसवलेली असते आणि ती उसळते. पाणी दाबले तरी आकसत नाही. पाण्याने भरलेला फुगा फुटला तर पाणी नुसते सांडते. चाचणीत सांधा गेला तर माणूस भिजावा, मरू नये, म्हणून पाणी.

रिबिटांचे दिवस

वेल्डिंग येण्यापूर्वी बॉयलर रिबिटांनी जोडत. दोन पत्रे एकावर एक ठेवून भोके पाडायची. एकाने भट्टीत रिबिट लाल करायचे, दुसऱ्याने सांडशीने उचलून भोकात घालायचे, तिसऱ्याने आतून जड लोखंड धरून टेकू द्यायचा आणि चौथ्याने बाहेरून घण मारून टोपी बसवायची. रिबिट गार होताना आकसते आणि दोन्ही पत्रे आवळून धरते. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापलेली धाव चढवतो आणि पाणी ओततो, त्यातले इंगित हेच.

मुंबईला परळ, भायखळा, माटुंगा या भागांत रेल्वेचे मोठे कारखाने उभे राहिले. वाफेच्या इंजिनाचा पाठीचा लांबट गोल भाग म्हणजे बॉयलरच. त्याच्या दुरुस्तीला बॉयलरमेकर लागत. कापडाच्या गिरण्यांतही वाफ लागे. कोकणातून आणि घाटावरून मुंबईस गेलेल्या पुष्कळ माणसांनी असल्या कामांवर संसार उभे केले.

पण त्या कामाने कान जात. जो माणूस टेकू धरून बॉयलरच्या आत बसे, त्याच्या डोक्याशी दिवसभर घण वाजत. विलायतेत ग्लासगो शहरी टॉमस बार नावाच्या डॉक्टराने १८८६ साली १०० बॉयलर कामगारांचे कान तपासले. एकाचेही ऐकणे धड नव्हते. 'बॉयलरवाल्याचे बहिरेपण' असे या दुखण्याचे नावच पडले. आज रिबिटे गेली, तरी ग्राइंडर आणि हातोडे आहेतच. म्हणून कानात बोळे किंवा कानावर टोपण घालायचे. गेलेले कान औषधाने परत येत नाहीत.

कळंबच्या शिवारातले पोलाद

हा धंदा आपल्याला परका नाही. आपले कळंब गाव नीरेच्या खोऱ्यातले. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९३० ते १९४० या दशकात कळंबच्या शिवारात साखर कारखाना उभा केला. भोवती वसाहत झाली, तिला वालचंदनगर नाव पडले. हेच वालचंद १९१९ साली सिंदिया जहाज कंपनी काढणाऱ्यांत होते. १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना सुरू करण्यातही त्यांचाच पुढाकार. १९५३ साली ते वारले.

साखरेबरोबर येथे एक दुसरी विद्या रुजली. आधी आपल्या देशातल्या कारखान्यांना यंत्रे परदेशातून आणावी लागत. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला आणि मग महाराष्ट्रभर सहकारी कारखान्यांची रांग लागली. आपल्याकडे भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर येथे कारखाने झाले. एवढ्या कारखान्यांना चरक, कढया, बॉयलर कोण देणार? वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे बनू लागली, बॉयलरही बनू लागले.

जाड पोलाद वाकवणे, सांधणे आणि तपासणे ही विद्या एकदा हाती आली की ती एका जागी थांबत नाही. ज्या गावच्या शिवारात ऊस डोलतो, तेथल्या कारखान्यात पुढे अणुवीज केंद्रांची अवजड पोलादी भांडी झाली आणि अवकाशात जाणाऱ्या अग्निबाणांची पोलादी कवचेही झाली. अग्निबाणाचे कवच म्हणजे काय? आत जळण पेटलेले, दाब भयंकर, आणि सांधा फुटता कामा नये. विद्या बॉयलरचीच, मान तेवढा मोठा.

सरकार मध्ये का येते

घर बांधायला सरकारचा माणूस सांधा सांधा बघायला येत नाही. बॉयलरला येतो. यामागे मेलेल्या माणसांची कहाणी आहे. १८६३ साली कलकत्त्यात एक बॉयलर फुटला, कित्येक माणसे दगावली. पुढल्याच वर्षी, १८६४ साली, बंगालात बॉयलर तपासण्याचा कायदा झाला. मग दुसऱ्या प्रांतांनीही आपापले कायदे केले. पण प्रत्येकाचा नियम वेगळा. शेवटी १९२३ साली सगळ्या देशाला मिळून एक कायदा झाला. १९५० साली बॉयलरचे सविस्तर नियम आले. कारखान्यातली माणसे त्यांना 'आयबीआर' म्हणतात. जुन्या कायद्याच्या जागी २०२५ साली नवा बॉयलर कायदा आला.

नियमांचे सार सोपे आहे. बॉयलरची नोंदणी हवी. ठरलेल्या मुदतीने, साधारण वर्षाने, तपासणी होऊन दाखला हवा. दाखल्याशिवाय बॉयलर पेटवायचा नाही. दाखल्यात लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त दाब चढवायचा नाही. बॉयलर चालवणारा माणूस परीक्षा झालेला हवा. आणि बॉयलरचा सांधा करणारा वेल्डरही परीक्षा झालेला हवा. महाराष्ट्रात हे काम सरकारचे बाष्पके संचालनालय पाहते. बाष्पक म्हणजे बॉयलर.

वेल्डरची परीक्षा कागदावरची नव्हे, हाताची. त्याने जोडलेला तुकडा कापतात, वाकवतात, ओढून तोडतात. सांधा टिकला तरच दाखला. तोही कायमचा नाही, दोन वर्षांचा. पुढे पुन्हा हात दाखवावा लागतो. आणि दाखला झालेल्या वेल्डरला एक खूण मिळते. त्याने केलेल्या सांध्याशेजारी ती खूण ठोकायची. म्हणजे वीस वर्षांनी जरी सांधा तपासला, तरी हा कोणाच्या हातचा ते कळते. समारंभाच्या पत्रिकेत त्याचे नाव नसेल, पण पोलादावर असते.

जिवाची काळजी

आता धोक्याचे बोलू. ते झाकून या धंद्याची शिफारस करणे बरोबर नाही. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशात ऊंचाहार येथील वीज केंद्रात बॉयलरच्या भट्टीतले धगधगते वारे आणि राख बाहेर फुटली. तीसहून अधिक माणसे मेली. त्यांत कंत्राटदाराकडचे कामगार पुष्कळ होते. बॉयलरपाशी चूक झाली की ती चुकीची शिक्षा एकट्यालाच करत नाही.

बांधणाऱ्याला आणि दुरुस्ती करणाऱ्याला मुख्य धोके चार.

पहिला, उंचीवरून पडणे. कमरपट्टा नुसता बांधून भागत नाही, त्याचा दोर पक्क्या जागी अडकवावा लागतो. काम थोड्या वेळाचे आहे म्हणून पट्टा न लावणे ही सगळ्यांत महागात पडणारी आळशीपणाची खोड.

दुसरा, डोळे व फुप्फुसे. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. काळी काच हवीच. धुराला वाट हवी, वारा खेळता हवा.

तिसरा, कोंदट जागा. ड्रमच्या आत हवा थोडी. गॅसची नळी आत राहून गळली, किंवा प्राणवायू कमी झाला, तर माणूस हाकही न मारता पडतो. त्याला काढायला दुसरा धावतो, तोही पडतो. आपल्याकडे विहिरीतल्या आणि मैलाटाकीतल्या विषारी हवेने अशीच माणसे मेली आहेत. म्हणून आत जाण्याआधी हवा तपासायची, पंखा लावायचा आणि तोंडाशी एक माणूस सतत उभा ठेवायचा. आतला दिवा कमी दाबाच्या विजेचा हवा. तो २४ व्होल्टपेक्षा जास्त नसावा, असे १९४८ च्या कारखाना कायद्यातही लिहिले गेले होते.

चौथा धोका न वाचण्याचा. होय, न वाचण्याचा! एका कारखान्यात दोन-तीन बॉयलर शेजारी शेजारी असतात आणि त्यांचे वाफेचे नळ एकमेकांना जोडलेले असतात. एक बंद करून आत माणसे दुरुस्तीला उतरली, आणि बाहेरच्या कोणी शेजारच्या बॉयलरचा व्हॉल्व्ह उघडला, तर आतली माणसे वाफेने भाजून मरतील. म्हणून व्हॉल्व्हला कुलूप घालतात आणि पाटी अडकवतात: 'आत माणसे काम करीत आहेत. उघडू नका.' ही पाटी ज्याला वाचता येत नाही, त्याला ती नुसता पत्र्याचा तुकडा. मंडळी, तुम्ही या वयात रात्री दिव्याखाली बसून अक्षरे गिरवता, त्याला काही जण हसत असतील. त्यांना ही पाटी सांगा. सात शब्दांनी माणसांचे जीव वाचतात.

शिकायचे कोठे

आता शेवटचा आणि घरचा प्रश्न. जमिनीचे तुकडे होत चालले. दोन एकरांत तीन भावांचे भागत नाही. पोरगा हाताचा चपळ आहे, डोके बरे आहे, पण कॉलेजात मन रमत नाही. अशा मुलाला हा धंदा दाखवायला हरकत नाही.

वाट सरळ आहे. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, बारामतीला आहे, इंदापूरलाही आहे. वेल्डरचा अभ्यास एक वर्षाचा, फिटरचा दोन वर्षांचा. मुलींनाही प्रवेश आहे. आयटीआय झाल्यावर कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून जाता येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे त्या काळात विद्यावेतन मिळते. मग हाताखाली काम, मग स्वतंत्र काम, मग बॉयलर वेल्डरची सरकारी परीक्षा. त्यापुढे मिस्त्री, फोरमन. ज्याला बांधण्यापेक्षा चालवण्याची आवड आहे, त्याने बॉयलर अटेंडंटची परीक्षा द्यावी.

कामाच्या जागाही पुष्कळ. पुण्याजवळ चिंचवडला बॉयलर बनतात, तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला बनतात. वीज केंद्रे, तेलाचे कारखाने, खताचे कारखाने, दूध डेऱ्या, कागद गिरण्या, जेथे वाफ तेथे हा कारागीर. साखर कारखान्यांत तर उन्हाळ्यात, गाळप थांबल्यावर, नळ्या बदलायचे काम जोरात असते. परदेशातही या धंद्याला मान आहे. अमेरिकेत बॉयलर कामगारांची संघटना १८८० पासून आहे आणि तेथे चार वर्षे उमेदवारी केल्याशिवाय कोणी पुरा कारागीर ठरत नाही.

पण सगळेच गोड नाही. पुष्कळ काम कंत्राटावर असते. आज इथे तर चार महिन्यांनी दुसऱ्या राज्यात. घरापासून लांब राहावे लागते. उन्हाळ्यात तापलेल्या पोलादाशेजारी काम करावे लागते. आळशी, नशा करणारा किंवा "चालतंय की" म्हणणारा माणूस इथे नको. शेतात एक सरी वाकडी गेली तर ऊस तरी येतो. इथे एक सांधा वाकडा गेला तर तो दुसऱ्याच्या जिवावर येतो.

म्हणून मुलाला कामावर धाडण्याआधी आईबापांनी कंत्राटदाराला पाच गोष्टी विचाराव्यात, आणि उत्तर तोंडी नको, कागदावर घ्यावे:

१. हजेरीचा कागद आणि पगाराची चिठ्ठी मिळते का?
२. भविष्य निर्वाह निधी आणि विमा आहे का?
३. बूट, शिरस्त्राण, कमरपट्टा, काळी काच कोण देतो?
४. मुलाला वेल्डरचा दाखला काढून देणार का? तो दाखला कोणाकडे राहणार?
५. अपघात झाला तर दवाखान्यात कोण नेतो, खर्च कोण करतो?

परदेशी जायचे असेल तर एजंट सरकारात नोंदलेला आहे ना, हे आधी पाहावे. करारावर काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे, नाहीतर वाचणाऱ्याकडून वाचून घ्यावे. मगच सही करावी. आता तुम्हाला सही येते. सही येते म्हणजे कोठेही करायची असे नाही.

लोहार, सुतार, गवंडी हे आपल्या गावगाड्याचे जुने कारागीर. बॉयलर बांधणारा हा त्यांचाच नव्या काळातला भाऊ. त्याची हत्यारे नवी, पण धर्म जुनाच: माप नीट घ्या, घाई करू नका, आणि जे आतून दिसत नाही तेही बाहेरच्याइतकेच चोख करा.

वाचून झाल्यावर आपसांत बोला

१. बॉयलरची चाचणी हवेने न करता पाण्याने का करतात?
२. नळीत कीट धरले तर नळी का फाटते?
३. दाब २० किलो असेल, तर २० सेंटिमीटर लांब आणि १४ सेंटिमीटर रुंद पानावर किती किलो भार पडेल?
४. व्हॉल्व्हवर अडकवायच्या पाटीवरचा मजकूर वहीत मोठ्या अक्षरांत लिहा.
५. आपल्या गावात अशी कोणती जागा आहे, जेथे एखादी पाटी लावली तर अपघात टळेल? पाटीवर काय लिहाल?